काचपेटीतील कवचधारी

रंगीत माशांनी गजबजलेली काचपेटी पाहिली नाही असा विद्यार्थी आज विरळाच आढळेल. पण क्वचित एखाद्या घरी अशी काचपेटी असते की, तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला तिच्यात प्रथमदर्शनी एकही प्राणी दिसत नाही. तळाशी काळसर वाळू, मधोमध एक वाकडेतिकडे लाकूड, त्यावर पसरलेला हिरवा मॉस आणि मागे रिबिनीसारख्या लांब पानांची दाटी. पाहुणा विचारतो, "अरे, मासे कुठे आहेत?" घरचा मुलगा हसून म्हणतो, "काका, मासे नाहीतच. जरा थांबून पाहा."

पाहुणा थांबतो. थोड्या वेळाने मॉसचा एक तुरा हलल्यासारखा भासतो. मग तेथे तांबडा ठिपका दिसतो. ठिपक्याला मिशा फुटतात, बारीक पाय फुटतात, आणि करंगळीच्या पेराएवढा एक लालबुंद झिंगा दोन्ही हातांनी भराभर काहीतरी वेचून तोंडात घालताना दिसू लागतो. एक दिसला की दुसरा दिसतो, दुसरा दिसला की दहा दिसतात. पाच मिनिटांपूर्वी जी पेटी निर्जीव वाटत होती, तिच्या पानापानावर कोणी ना कोणी आपल्या उद्योगात गढून गेलेला असतो. मासा आपल्याकडे लक्ष वेधून घेतो. झिंगा पाहण्यासाठी मात्र आपल्यालाच शांत व्हावे लागते.

झिंगा, कोळंबी, खेकडा, शेवंड ही नावे महाराष्ट्रातील मुलांना नवी नाहीत. कोकणातील घरांत कोळंबीचे कालवण होते, देशावरच्या बाजारात नदीचे झिंगे टोपलीत विकायला येतात, आणि पावसाळ्यात भातखाचरांच्या बांधांवर मुठे पकडायला मुले धावतात. ही सारी मंडळी एकाच मोठ्या गटात मोडतात. त्यांच्या अंगात हाडे नसतात. हाडांचे काम अंगावरचे कठीण कवच करते. चालण्याचे पाय पाच जोड्या, म्हणजे दहा, असल्यामुळे या गटाला दशपाद म्हणतात. खेकड्याच्या पायांची पहिली जोडी म्हणजेच त्याच्या नांग्या. या प्राण्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य लोहाचे नसून तांब्याचे असते; म्हणून त्यांचे रक्त आपल्यासारखे तांबडे दिसत नाही, प्राणवायू मिळाला की ते निळसर होते.

काचपेटीत ठेवण्यासाठी सर्वांत सोशिक समजला जातो तो 'चेरी' या नावाने ओळखला जाणारा लाल झिंगा. तो मूळचा तैवान आणि चीन या भागांतील ओढ्यांचा रहिवासी. ओढ्यात असताना तो असा लाल नसतो. तेथे तो मातकट, अर्धपारदर्शक असतो आणि पाचोळ्यात बेमालूम मिसळून जातो. पाळणाऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या त्यांतल्या त्यात तांबूस दिसणारे झिंगे निवडून वेगळे वाढवले आणि त्यांतून आजचा लालबुंद रंग सिद्ध झाला. पिवळे आणि निळे झिंगेही याच जातीचे. त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर भरते.

अशा प्राण्यांसाठी पेटी फार मोठी लागत नाही. ६० सेंटीमीटर लांब, ३० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच अशी पेटी पुरेशी होते. तिच्यात काठोकाठ भरले तर ५४ लिटर पाणी मावते. दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे किल्ले, उघडझाप करणारे शिंपले आणि बुडबुडे सोडणारे पाणबुडे यांचा मोह अनेकांना पडतो. झिंग्यांना त्यांचा काडीचाही उपयोग नाही. त्यांना हव्यात वनस्पती. पानांवर सूक्ष्म शेवाळाचा आणि जीवाणूंचा जो बुळबुळीत थर धरतो, तेच त्यांचे खरे अन्न. पानांची दाटी हीच त्यांची लपण्याची जागा. वॅलिसनेरिया, हायड्रिला आणि लाकडावर चिकटून वाढणारा जावा मॉस एवढ्यावर उत्तम पेटी सजते.

येथे बहुतेक नवशिक्यांची एक चूक होते. सकाळी पेटी आणावी, दुपारी पाणी भरावे आणि संध्याकाळी झिंगे सोडावेत, अशी त्यांची घाई असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झिंगे एकामागून एक मरू लागतात, आणि पाणी तर आरशासारखे स्वच्छ दिसत असते! मग दोष दुकानदाराला दिला जातो. वस्तुतः दोष त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचाच असतो. प्राण्यांची विष्ठा आणि कुजणारे अन्न यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण झिंग्यांना घातक ठरतो. नदीत किंवा ओढ्यात काही जातींचे जीवाणू या अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात निरुपद्रवी असते आणि वनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. नव्या पेटीत हे जीवाणू नसतात. वाळूच्या कणांवर, लाकडावर, गाळणीच्या स्पंजावर त्यांची वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस वनस्पती लावलेली, पाण्याने भरलेली, पण प्राण्यांवाचूनची पेटी नुसती पाहत बसणे हे पाळणाऱ्याचे पहिले काम. दही लागायला विरजण आणि वेळ दोन्ही लागतात, हे घरातील आजीला सांगावे लागत नाही. पाण्याचेही तसेच आहे. जुन्या पेटीतील गाळणीचा स्पंज नव्या पेटीत पिळला तर ते विरजण ठरते आणि वेळ थोडा वाचतो.

पाणी कोठून आणावे याचाही विचार करावा लागतो. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. ते उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवले की तो बव्हंशी उडून जातो. ही बादली कशाची असावी, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरात पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवण्याची चाल आहे, त्या घरात तो महत्त्वाचा आहे. तांब्याच्या भांड्यातील पाणी माणसाला मानवते, झिंग्याला मात्र ते मारक ठरू शकते. मौज अशी की, ज्या प्राण्याच्या रक्तातच तांबे आहे, त्याला पाण्यात विरघळलेले तांबे अत्यल्प प्रमाणातही सोसत नाही. माशांच्या रोगांवरील काही औषधांतही तांबे असते, म्हणून माशांच्या पेटीतील औषध झिंग्यांच्या पेटीत कधीही वापरू नये.

दुसरा शत्रू घराघरांत आहे, आणि तो म्हणजे डास-झुरळांवर फवारण्याचे औषध. झिंगा हा कीटकांचा दूरचा नातलग. जे विष झुरळाच्या मज्जातंतूंवर घाव घालते, ते झिंग्यालाही सोडत नाही. खोलीत फवारलेल्या औषधाचा सूक्ष्म तुषार पाण्यावर पडला तरी रात्रीतून सारी पेटी ओस पडू शकते. बाजारातील भाजीवरही कीटकनाशकाचा अंश असतो. म्हणून पालकाचे पान किंवा काकडीची चकती द्यायची झाली, तर ती नीट धुऊन, साल काढण्यासारखी असेल तर साल काढून आणि उकडून द्यावी. आठवड्यातून एक-दोनदा एवढासा तुकडा पुरतो. दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा न विसरता काढून घ्यावा. झिंगे उपासाने मरत नाहीत, ते पाळणाऱ्याच्या अतिप्रेमाने मरतात.

या सर्वांपेक्षा अधिक आवडीचा खाऊ मात्र फुकट मिळतो. कोकणात आणि शहरांतील रस्त्यांच्या कडेलाही ज्या देशी बदामाची लालसर पाने गळून पडतात, त्याचे एखादे स्वच्छ, वाळलेले पान पाण्यात सोडावे. पाणी चहासारखे किंचित तांबूस होते, पान हळूहळू मऊ पडते आणि झिंगे त्याचा हिरवा-तपकिरी भाग खरवडून खरवडून शेवटी नुसत्या शिरांची जाळी शिल्लक ठेवतात. धूर आणि धूळ खाल्लेल्या रस्त्यावरचे पान मात्र नको.

उन्हाळ्याची काळजी वेगळी. पाणी जसजसे तापते, तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होत जातो. २० ते २६ अंश सेल्सिअस तापमानात लाल झिंगा सुखात असतो. ३० अंशांच्या पुढे तो हैराण होऊ लागतो. पेटीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठावर पंख्याचा वारा सोडला, तर बाष्पीभवनामुळे पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही.

पेटी स्थिरावली की एखाद्या सकाळी एक विलक्षण गोष्ट दिसते. वाळूवर एक झिंगा निश्चल पडलेला असतो. मिशा, पाय, डोळे सारे जागच्या जागी, पण देह मात्र काचेसारखा पारदर्शक. झिंगा मेला म्हणून घरातील धाकटी मंडळी हळहळतात. तो झिंगा नसतोच. ती त्याची कात असते.

हाडे असलेल्या प्राण्याचे अंग हळूहळू वाढते. कवचधारी प्राण्याला ती सोय नाही. लहान झालेला सदरा फाटेपर्यंत तो अंगात ठेवावा, आणि एका क्षणात तो काढून मोठा सदरा घालावा, अशी त्याच्या वाढीची रीत आहे. कात टाकण्यापूर्वी तो जुन्या कवचातील उपयुक्त द्रव्ये शक्य तितकी शोषून घेतो आणि आत नवे मऊ कवच तयार करतो. मग पाठीवर, जेथे पुढचा भाग आणि शेपटीकडचा भाग जोडलेला असतो, तेथे जुने कवच तडकते. झिंगा अंग आखडतो, झटका देतो आणि मागच्या बाजूने उसळून बाहेर पडतो. हा सारा प्रसंग काही क्षणांत आटोपतो. त्या क्षणांत केवळ पाठीचेच कवच निघत नाही. प्रत्येक पायावरचे, प्रत्येक मिशीवरचे, डोळ्यांवरचे, एवढेच नव्हे तर जठराच्या पुढच्या भागाचे अस्तरसुद्धा बाहेर येते. बाहेर पडलेला प्राणी पाणी शोषून फुगतो आणि कवच मऊ आहे तोवर मोठा होऊन घेतो.

पण हीच त्याच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याची वेळ. नवे कवच टणक होण्यास काही तास, कधी एक-दोन दिवस लागतात, आणि तोपर्यंत त्याच्यापाशी ना ढाल असते, ना हत्यार. म्हणून तो मॉसच्या दाटीत शिरून बसतो. वनस्पतींवाचूनच्या उघड्यावाघड्या पेटीत झिंगे टिकत नाहीत त्याचे एक कारण हे. पाण्यात चुना फारच कमी असेल तर नवे कवच धड बनत नाही आणि प्राणी जुन्या कवचात अडकून मरतो. अशा वेळी समुद्रफेनाचा तुकडा पाण्यात ठेवतात. वाळूवर पडलेली कात मात्र काढून टाकू नये. दोन-तीन दिवसांत झिंगेच ती कुरतडून खातात आणि तिच्यातील चुना पुन्हा कामी येतो.

गोड्या पाण्यातील शेवंड म्हणावा असा क्रेफिश हा प्राणी तर कातीपूर्वी चुन्याचे दोन गोल खडे आपल्या जठराच्या भिंतीत साठवून ठेवतो. युरोपात एके काळी हे खडे 'खेकड्याचे डोळे' या नावाने औषध म्हणून विकले जात. याच क्रेफिशविषयी रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७१२ साली दाखवून दिले की, त्याची तुटलेली नांगी पुन्हा फुटते. कोळी लोक हे सांगतच असत. पण शहाण्या लोकांनी ती भाकडकथा ठरवली होती. रेओम्यूरने स्वतः पाय तोडून, वाट पाहून, पुन्हा फुटलेले पाय मोजले. कात टाकताना ही नवी नांगी प्रथम इवलीशी दिसते आणि पुढच्या प्रत्येक कातीबरोबर मोठी होत जाते.

लाल झिंग्याच्या मादीच्या पोटाखाली कधी वीस-तीस पिवळसर-हिरवी अंडी लोंबताना दिसतात. ती पोटाखालच्या लहान पायांनी त्यांना अहोरात्र वारा घालत असते, म्हणजे ताजे पाणी मिळत राहते. तीन-चार आठवड्यांनी अंड्यांतून बाहेर पडणारी पिले आईबापांची हुबेहूब प्रतिकृती असतात. फक्त आकार भाताच्या कणीहूनही लहान. सगळ्याच झिंग्यांचे असे नसते. जपानमधील 'यामातो' झिंग्याची मादी हजारांच्या संख्येने अंडी घालते, पण पिले मुळीच आईसारखी दिसत नाहीत. ओढ्यात जन्मलेली ती सूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर वाहत समुद्राकडे जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि झिंग्याचे रूप आले की प्रवाहाविरुद्ध चढत, ओल्या खडकांवरून सरपटत पुन्हा डोंगराकडच्या ओढ्यात येतात. घरच्या पेटीत त्यांना समुद्र सापडत नाही आणि ती काही दिवसांतच मरतात. म्हणून पेटीत दिसणारा यामातो झिंगा बहुधा कोणत्यातरी ओढ्यातून पकडूनच आणलेला असतो.

या चार-पाच सेंटीमीटर लांबीच्या, मातकट, अनाकर्षक झिंग्याला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली ती ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने. १९५४ साली जन्मलेला अमानो तरुणपणी सायकलशर्यतींत भाग घेई. पुढे वनस्पतींनी भरलेल्या काचपेट्यांत डोंगर, रान, कुरण यांची दृश्ये उभी करण्याचा त्याला छंद जडला. पण पानांवर चढणारे शेवाळ त्याची सगळी मेहनत झाकून टाकी. १९८० च्या दशकात त्याने शेवाळ खाणारा प्राणी म्हणून या झिंग्यांना कामाला लावले, आणि त्यांनी पेट्या लखलखीत केल्या. आज पुष्कळ देशांत या झिंग्याला अमानोचेच नाव आहे. पोर्तुगालमधील लिस्बन येथील मत्स्यालयात २०१५ साली त्याने ४० मीटर लांबीची आणि १,६०,००० लिटर पाण्याची प्रचंड पेटी उभारली. त्याच वर्षी तो वारला.

झिंग्यांच्या सहवासात आणखी एक पाहुणा शोभतो, तो म्हणजे आग्नेय आशियातील 'बांबू' झिंगा. त्याच्या पुढच्या पायांना नांग्यांऐवजी केसांचे पंखे असतात. जेथे पाण्याला ओढ असते तेथे तो ठाण मांडतो, चारही पंखे उघडतो आणि वाहत येणारे कण पकडून एकेक पंखा तोंडातून पुसून काढतो. तो वाळूत अन्न चाचपडताना दिसू लागला, तर तो भुकेला आहे असे समजावे.

दुकानांतून आजकाल मोठ्या नांग्यांचे निळे, तांबडे, पांढरे क्रेफिशही विकायला येतात. दुकानदार त्यांना सरसकट 'लॉबस्टर' म्हणतात. झिंगे आणि वनस्पती यांच्या पेटीत त्यांना स्थान नाही. ते वनस्पती छाटतात, वाळू उकरतात आणि हाती लागेल तो झिंगा खातात. पण त्यांच्याविषयी सावध राहण्याचे खरे कारण याहून मोठे आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्याला जर्मनीतील हौशी लोकांच्या पेट्यांत एक नवा क्रेफिश दिसू लागला. अंगावर संगमरवरासारख्या रेघा असल्यामुळे त्याला संगमरवरी क्रेफिश असे नाव पडले. पाळणाऱ्यांना लवकरच एक चमत्कार आढळला. पेटीत एकच प्राणी ठेवावा, तरी काही महिन्यांनी तो अंडी घालतो, आणि अंड्यांतून शेकडो पिले निघतात! हे कसे घडते याचा उलगडा २००३ साली झाला. या जातीत नर नाहीच. प्रत्येक प्राणी मादी असतो आणि नरावाचून स्वतःसारख्याच माद्यांना जन्म देतो. २०१८ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथील कर्करोग संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याच्या आनुवंशिक द्रव्याचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या फ्लॉरिडा भागातील एका क्रेफिशपासून त्याची उत्पत्ती झाली आहे. मूळ प्राण्यात गुणसूत्रांचे दोन संच असतात, याच्यात तीन, म्हणजे एकूण २७६ गुणसूत्रे. आणि निरनिराळ्या देशांतून आणलेले हे प्राणी तपासले, तेव्हा ते सारे एकाच मादीची वंशावळ असल्याचे आढळले.

शेकडो पिलांचे करायचे काय? पेट्या भरून गेल्या. कोणी मित्रांना वाटली, कोणी दुकानात दिली, आणि काहींनी, मारण्याचे मन होईना म्हणून, जवळच्या तळ्यात नेऊन सोडली. त्यांना वाटले, आपण एका जिवाला मोकळे केले. पण ज्याला वंश वाढवायला जोडीदार लागत नाही, त्याच्या बाबतीत एक प्राणी सुटणे म्हणजे एक जात सुटणे. हा क्रेफिश जर्मनीच्या तळ्यांत पसरला, युरोपातील इतर देशांत दिसू लागला. अमेरिकेतील क्रेफिश स्वतः फारसे आजारी न पडता एक बुरशीचा रोग अंगावर वागवू शकतात. युरोपातील मूळच्या क्रेफिशांना मात्र तो रोग मृत्यूच ठरतो. मादागास्कर बेटावर तर २००७ ते २०१७ या दहा वर्षांत त्याने व्यापलेले क्षेत्र शंभरपटीने वाढले. तेथील ओढ्यांत, भातखाचरांत तो शिरला आहे. स्वस्त खाद्य म्हणून गरीब लोक तो पकडून विकतात, हेही खरे. पण त्याच बेटावर जगात अन्यत्र कोठेही नसलेले सात जातींचे मूळचे क्रेफिश आहेत, आणि त्यांच्या अस्तित्वाची शास्त्रज्ञांना चिंता लागली आहे. युरोपीय संघाने २०१६ साली हा प्राणी पाळणे, विकणे आणि सोडणे या सर्वांवर बंदी घातली.

भारतात मूळचा क्रेफिश एकही नाही. आपल्या ओढ्यांत आहेत ते झिंगे आणि खेकडे. त्यांतही सह्याद्रीतील खेकडे असे की, त्यांपैकी कित्येकांची अजून पुरती ओळखही पटलेली नाही. २०१६ साली एकाच वेळी पाच नव्या जातींची नोंद झाली. एखाद्या डोंगराचे पाणी सोडून इतरत्र न आढळणारे असे हे प्राणी असतात. त्यांना काचपेटीत आणून ठेवू नये, कारण बंद पेटीत ते फार दिवस जगत नाहीत; आणि त्यांच्या ओढ्यात काचपेटीतील परका प्राणी सोडू नये. पाळणाऱ्याने पेटीतील बदललेले पाणीसुद्धा ओढ्याकडे जाणाऱ्या गटारात न ओतता कुंड्यांतील झाडांना घालावे. त्या पाण्यात नजरेस न दिसणारे पिलू असू शकते, आणि झाडांना तर त्यातील नायट्रेट हवेच असते.

काचपेटीतून सुटलेला प्राणी काय करू शकतो याचे दुसरे उदाहरण इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर आहे, आणि ते एका झिंग्याचेच आहे. या बेटावर माटानो नावाचे सरोवर आहे. त्याची खोली ५९० मीटरांच्या आसपास असून जगातील अतिशय खोल सरोवरांत त्याची गणना होते. या प्राचीन सरोवराच्या खडकाळ काठावर एक झिंगा राहत असे. गर्द तांबडे अंग, त्यावर पांढरे टिपके आणि पुढचे पाय शुभ्र पांढरे. काळ्या दगडावर तो अन्न वेचू लागला की जणू कोणी पांढरे हातमोजे घालून भराभर विणकाम करीत आहे असे वाटे. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले २००९ साली. त्याआधीच हौशी लोकांच्या पेट्यांत तो जाऊन पोहोचला होता.

पुढच्याच वर्षांत त्या सरोवरात एक परका मासा दिसू लागला. त्याचे नाव फ्लॉवरहॉर्न. कपाळावर मोठे टेंगूळ असलेला हा मासा कोणत्याही नदीत जन्मलेला नाही. निरनिराळ्या जातींचा संकर करून केवळ शोभेसाठी माणसाने तो तयार केला. तो मोठा होतो, भांडखोर असतो, समोर येईल ते खातो. आणि मालक त्याला कंटाळतो. कोणाच्या तरी पेटीतून हा मासा माटानोच्या पाण्यात आला आणि काठाकाठाने वाढत गेला. जेथे पूर्वी दगडागणिक तांबडे झिंगे दिसत, तेथे नंतर शोध घेणाऱ्यांना ते सापडले नाहीत. आज हा झिंगा आपल्या सरोवरातून नाहीसा झाला असावा असे मानतात.

मात्र तो जगातून नाहीसा झालेला नाही. जर्मनीत, जपानमध्ये आणि इतरही देशांत ज्यांनी तो पाळला होता, त्यांतील चिकाटीच्या लोकांच्या पेट्यांत तो टिकला. त्याला पाळणे सोपे नाही. त्याला माटानोसारखेच २७ ते ३० अंशांचे ऊबदार पाणी लागते, शेवाळ धरलेले दगड लागतात, आणि पाण्यातला अचानक बदल त्याला मुळीच सोसत नाही. एक मादी फार थोडी अंडी धरते, पण ती मोठी असतात, आणि त्यांतून थेट लहानसे झिंगेच बाहेर येतात. त्यांना समुद्राची गरज नसते. पाळणारे लोक पाण्याच्या नोंदी ठेवतात, पिले मोजतात, एकाच पेटीवर सारा भार नको म्हणून एकमेकांना झिंगे पाठवतात. सरोवरातून तो फ्लॉवरहॉर्न काढून टाकण्याची युक्ती मात्र अजून कोणाला साधलेली नाही.

दरम्यान, हजारो मैल दूर, कोणाच्या तरी घरातील दिव्याखाली, ज्यांनी माटानोचे पाणी कधी पाहिले नाही अशी त्या झिंग्यांची पिले काळ्या दगडावर चढतात आणि आपल्या शुभ्र हातांनी शेवाळ वेचू लागतात.